काहीच न ठेवणारी कॅश

आये, तू कशी आहेस? गुडघ्यांची कुरकुर तिथे तरी थांबली का? बाबांचा खोकला कसा आहे, की अजून कोपरा गाठून बिडी ओढणं चालूच आहे? आज्याला आता नीट ऐकू येतं का? आणि आत्या, जिला जन्मभर कधी बरं वाटलं नाही आणि जी सगळ्यांच्या मागून गेली, ती तरी खुशाल असेल. इकडे माझी साखर थोडी वरखाली असते, चष्म्याचा नंबर वाढलाय, बाकी ठीक. तुझी सून मजेत आहे. वहिनीही आता बरी आहे, आणि हे ‘आता’ का लिहिलं ते सांगायलाच कागद पुढे ओढला.

तुला आठवतं तसं वहिनी अजून चिखलात उतरते. गुडघाभर गाळात हात घालून खुबे-शिंपल्या काढते, निवट्या मासे धरते. घरात कमावणारे आहेत, पण खाडीत गेल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नाही. तुझ्या वेळी भरतीचं पाणी तिथीला बांधलेलं असायचं. आता भराव झाले, बांध झाले, साठवलेल्या पाण्याची दारं उघडली की पाणी कधीही येतं. म्हणून जेट्टीच्या खांबाला पाणी मोजणारं यंत्र लावलंय आणि त्यावरून गावातल्या बायकांसाठी आम्ही फोनवर एक अ‍ॅप केलंय. ‘उतरा’ किंवा ‘उतरू नका’, एवढंच ते सांगतं. आम्ही म्हणजे मी आणि खारघरचं एक तरुण जोडपं. ती दोघं कॉलेजात शिकलेली, मी शिरवण्याच्या कारखान्यात वायरमनकी करता करता जुन्या कॉम्प्युटरशी झटापट करून शिकलेला. पण आमचं जमतं. मला काका म्हणतात आणि माझ्याकडून बोंबलाची चटणी नेतात.

तर मागच्या आठवड्यात वहिनीने फोन पाहिला, ‘उतरा’ होतं, ती उतरली. मागून पाणी आलं ते छातीपर्यंत. शेजारच्यांची होडी जवळ होती म्हणून तिला वर ओढून घेतलं. घरी आली, आंघोळ केली, चहा घेतला आणि मला म्हणाली, “भावजी, तुमचा फोन सकालचं पानी सांजच्याला वाढतो. शिला भात बरा त्यापरीस.” बास, एवढंच. चार शिव्या दिल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो.

गडबड कुठे होती ते लगेच दिसलं. खाडीवर रेंज कच्ची. दर वेळी यंत्राला विचारत बसलं तर वेळ लागतो, म्हणून एकदा आलेलं उत्तर अ‍ॅप थोडा वेळ जवळ ठेवतं आणि पुन्हा कोणी विचारलं की तेच पुढे करतं. या ठेवण्याला कॅश म्हणतात. थोड्या वेळाने ते उत्तर टाकून द्यायचं असतं. आमचं अ‍ॅप कधीकधी टाकत नव्हतं. का, ते कळत नव्हतं.

मी खारघरला त्या जोडप्याच्या घरी गेलो आणि म्हटलं, कॅश आजच बंद करायची. त्यातल्या मुलीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. अ‍ॅपचा प्रत्येक भाग आधी कॅशलाच विचारत होता. ती उपटायची तर सगळीकडे हात घालावा लागणार, आणि घाईत दुसरंच काही मोडणार. तिचा नवरा म्हणाला, दोष सापडेपर्यंत राहू द्या, आपण बायकांना सांभाळून राहायला सांगू. शिवाय कॅश काढली तर अ‍ॅप इतकं सुस्तावेल की कोणी उघडणारच नाही.

तेव्हा मला आजा दिसला, ओट्यावर बसलेला. खाडीत जाणारा प्रत्येक जण आधी त्याला विचारायचा, पाणी कसं आहे. तशी रीतच होती. उभ्या आयुष्यात तो चुकला नाही. मग डोकं थकलं आणि तो कालचं पाणी आज सांगायला लागला. त्याच्या शब्दावर उतरलेले माझे काका गळ्यापर्यंत चिखलात रुतून परत आले. आता म्हाताऱ्याची खाट मागच्या खोलीत टाकू, असं घरात ठरत आलं होतं. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, “त्यांची जागा हालवाची नाय. कोनी इचारलं तर इचारू दे.” आणि हात धुऊन ओट्यावर गेलीस, त्याच्या कानाशी वाकून बोललीस, “कोनी पानी इचारलं का एकच सांगा, जा, बघून ये.” त्याने ते धरलं. रीत मोडली नाही, मान गेला नाही, आणि जो तो काठावर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लागला. पुढे एकाने मुलीच्या स्थळाबद्दल विचारलं, त्यालाही आजा तेच म्हणाला. तो सल्लाही चांगलाच निघाला.

मी त्या दोघांना म्हटलं, कॅशची जागा हलवू नका, फक्त तिथे दुसरी बसवा. दिसायला अगदी तशीच. ‘हे ठेव’ म्हटलं की ती हो म्हणेल आणि काही ठेवणार नाही. ‘ते दे’ म्हटलं की माझ्याकडे नाही म्हणेल. मग अ‍ॅप आपलं आपण उठून यंत्राला विचारून येईल. रेंज नसली तर सरळ सांगेल, माहीत नाही, उतरू नका. बाकी कशालाच हात लागणार नाही. मुलगी हसली, म्हणाली असं करतात काका, आणि तिथल्या तिथे लिहायला बसली.

नवरा मात्र अडला. “बायका म्हणतील अ‍ॅप झोपलंय.”

मी म्हटलं, “म्हणू देत. उशीर झाला तर बाई काठावर उभी असेल. खोटं बोललं तर पाण्यात असेल.”

मग त्यानेच ते नवं अ‍ॅप सगळ्यांच्या फोनवर चढवलं. आता तक्रारी येताहेत, रोज येताहेत. मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांनीही विचारलं, पहिल्यासारखं फास्ट कधी करताय? मी सांगितलं, दोष सापडेल, दुरुस्त होईल, महिनाभर तपासू, मग. तोपर्यंत एक उत्तरसुद्धा साठवणार नाही. काल वहिनी काठावर उभी राहून फोनला टोमणे मारत होती, लवकर सांग रे मेल्या, खुबे काय तुझी वाट बघतील. मी लांबून ऐकलं आणि मला बरं वाटलं. ती उभी होती, कोरडी.

हे कुठल्या पत्त्यावर टाकू, आये? पाकीटही आणलेलं नाही. एक मात्र तुलाच सांगतो. दोष सापडेल असं मी सगळ्यांना छातीठोक सांगितलंय, पण अजून मला त्याचा ठाव लागलेला नाही. रोज शोधतो आणि शोधणार. तुला काही सुचलं तर लवकर लिही.