कड्यातून गेलेली काठी

गुरुजी,

तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे, आणि ती ऐकून घ्यायला तुम्ही आता हयात नाही, हा तुमचा बचाव मी मान्य करणार नाही. तुम्ही मला दिलेल्या शिट्टीतल्या तुरीच्या दाण्याला पुन्हा भुंगा लागला. मूळचा बुचाचा मणी कधी हरवला देव जाणे. तुम्ही त्याच्या जागी तुरीचा दाणा घातलात आणि ‘आता ही तुझ्या नातवापर्यंत वाजेल’ असं मला छातीठोकपणे सांगितलंत. नातू अजून व्हायचा आहे, आणि दाणा मात्र दर पावसाळ्यात पोखरला जातो, दर हिवाळ्यात मी चिमट्यानं नवा आत ढकलतो. लढाईमुळे विलायती शिट्टी कुठं मिळत नाही. परवाच्या रविवारी हॉकीच्या अंतिम सामन्यात, नको त्या क्षणी, मी सगळा जीव एकवटून फुंकली तर आतून आवाजाऐवजी पीठ आलं. शिट्टी वाजली नाही म्हणून झालं, असं मी आठवडाभर वाशीमभर सांगतो आहे. ते खरं आहे. खरं आहे म्हणूनच इतक्या सहज सांगता येतं.

शिट्टीबरोबर तुम्ही मला एक कडंही दिलं होतं. त्याबद्दल मी अजून कुणाशी बोललेलो नाही.

तुमचं स्वयंपाकघर मला आजही दिसतं. चुलीवर पिठलं रटरटतंय, तुमच्या एका हातात पळी आहे आणि दुसऱ्या हातात हॉकीच्या नियमांचं पुस्तक. साहेब हेडमास्तरांनी हुकूम काढलाय की प्रत्येक शिक्षकानं एक खेळ सांभाळायचा. क्रिकेट गणिताच्या मास्तरांनी पळवलं, कवायत ड्रॉइंगच्या, आणि संस्कृतच्या वाट्याला हॉकी उरली. तुम्ही ती तर्कशास्त्रासारखी वाचायला घेतलीत. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, मग सिद्धान्त. काठी, तिच्यावर गुंडाळलेल्या दोरी-चामड्यासकट, दोन इंचांच्या कड्यातून आरपार गेली पाहिजे, हे कलम तुम्हाला फार आवडलं. ‘इथं पंचाच्या मताला जागा नाही बघ,’ तुम्ही म्हणालात. ‘गेली की नाही, एवढंच. प्रत्यक्ष प्रमाण.’ पण तसं कडं आणायचं कुठून? तुम्ही पळी खाली ठेवलीत, फडताळातून एक चांदीचं कडं काढलंत आणि त्यावर फूटपट्टी धरलीत. बरोबर दोन इंच.

‘हिचं आहे,’ तुम्ही म्हणालात. गुरुपत्नींना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली असतील. ‘आमच्या वडलांनी लग्नात अंदाजानं घेतलं. तिच्या हातात कधी चढलंच नाही. एकदा साबण लावून चढवलं, तर तीन दिवस निघेना, मनगट हे एवढं सुजलं. तेव्हापासून कळलं, साबण लावून गेलं ते गेलं असं धरायचं नाही.’ मी हसलो. तुम्ही पिठल्याचं मीठ बघत होतात.

पुढे महिन्याभरात अकोल्याच्या शाळेशी सामना होता आणि माझीच काठी त्या कड्यात अडकली. पकड चांगली बसावी म्हणून मी सुतळीचे चार वेढे जास्त दिले होते. सगळी शाळा बघत होती. मी हळूच म्हणालो, ‘गुरुजी, आपलीच शाळा आहे.’ तुम्ही तितक्याच हळू म्हणालात, ‘म्हणूनच तुझी आधी पाहिली.’ आपण दहा जण खेळलो आणि सपाटून हरलो. दुसऱ्या दिवशी वर्गात तुम्ही काही बोलाल म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो. तुम्ही नेहमीसारखी रूपं म्हणून घेतलीत. ती शिक्षा मला फार लागली. शेवटच्या आजारात तुम्ही मला बोलावलंत, कडं आणि शिट्टी एका धोतराच्या चिंधीत बांधून दिलीत. ‘माझी नजर गेली. काठ्या आता तू बघत जा.’ तुमच्या वर्गासकट सगळं माझ्याकडे आलं. गावात मला कुणी संस्कृतचा मास्तर म्हणत नाही गुरुजी, ‘कड्यावाले पंडितजी’ म्हणतात. मला ते आवडतं, हेही सांगून टाकतो.

तुमच्या वेळी शाळा खेळत. आता जिन खेळतो. मोटारस्टँडजवळ कापसातली सरकी काढायचा जो कारखाना, जिन, आहे, त्याच्या शेठनं संघ बांधलाय. गडी कागदावर सरकी भरणारे, पण त्यांतल्या कुणाच्या केसांत मी कधी कापसाचा तंतू पाहिला नाही. सामना असला की बाजार ओस पडतो. गावाला एवढं वेड दुसऱ्या कशाचं लागलेलं मी पाहिलं नाही, आणि मलाही लागलं होतं. संघाचा मुख्य गडी आसेगावचा. ताकदीनं रेडा, आणि काठी खांद्याच्या वर नेऊ नये हा नियम त्याला दर सामन्यात नव्यानं सांगावा लागतो.

रविवारी गाठ मंगरूळपीरच्या संघाशी होती. मी लिंबाखाली कडं घेऊन बसलो, गडी रांगेत आले. आसेगावच्यानं काठी पुढे केली. खालच्या वाकावर नवं चामडं, तट्ट आवळलेलं. काठी अर्ध्यात अडकली.

‘हे काय रे?’

‘चामडं हाय जी. काठी चिरली, म्हून बांधलं.’

‘जात नाही. दुसरी आण.’

‘दुसरी काहून आणू? माह्या हाताले हेच बसून राह्यली.’

तेवढ्यात शेठ खुर्चीवरून उठून आले. हसतच बोलले, गुरुजी. ‘पंडितजी, हा माणूस बाहेर बसला तर मीबी बाहेर बसतो. आन मी बाहेर बसलो तं संघ आजच्या गाडीनं अकोल्याले. तिथं मैदान तयार हाय, लोक बोलावून राह्यले. मंग तुमी इथं गाई चारा.’ मागं सगळं गाव उभं होतं आणि सगळ्या गावानं ते ऐकलं. कुणीतरी ओरडलं, ‘अहो पंडितजी, फायनल हाय, कायले सूतभर जाडीचा हिशेब करता!’ आसेगावच्यानं कमरेची चिंधी काढली. जवसाच्या तेलानं माखलेली होती. काठीला तेल सगळेच लावतात, त्यात गैर काही नाही. त्यानं विचारलं, ‘लावू का जी थोडंसं?’

मी म्हणालो, ‘लाव.’

मग कडं खाली सरकलं. मी तळहातानं रेटलं. आणि रेटताना आतून एक आवाज आला. चामड्याचा असा आवाज येत नाही. करकर झाली, धातूवर धातू घासल्याची. चामड्याच्या सांध्यातून खालची तार कड्याला घासली होती, गुरुजी, आणि काठीला धातू बांधायला मनाई आहे. मला त्याच क्षणी कळलं. मी काठी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, ‘पुढचा.’

पुढचं सांगायला दोन ओळी पुरतात. मंगरूळच्या बाजूनं कपडे शिवणारा एक दर्जी खेळतो, पस्तिशीचा, सडपातळ, चेंडू हातात सुई असल्यासारखा फिरवतो. त्यानं चेंडू काढून घेतला, आसेगावच्याची काठी खांद्याच्या वर गेली, मी शिट्टी तोंडात धरली, पीठ आलं. काठी उतरली ती दर्ज्याच्या उजव्या हातावर. मंगरूळवाल्यांनी सामना सोडला आणि त्याला बैलांच्या खाचरात घालून नेलं.

बुधवारी मी मंगरूळला गेलो. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान आहे. मशीन झाकलेलं होतं. हात फळीला बांधलेला. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याच्या सांध्याचा चुरा झाला, हाड जुळेल पण अंगठा वळणार नाही. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि माझी शिट्टी कशी बिघडली ती कथा शेवटपर्यंत ऐकून घेतली.

‘पंडितजी, आमचे लोक म्हणून राह्यले, काठीत लोखंड होतं,’ तो म्हणाला. ‘म्या त्यायले सांगितलं, पंडितजीनं कड्यातून काढली असंन तं लोखंड कसं राहीन? खेळात लागते माणसाले. तुमीच सांगा, गेल्ती ना कड्यातून?’

‘गेली होती,’ मी म्हणालो.

‘बस. मंग माह्यं नशीब.’ आणि त्यानं डाव्या हातानं मला चहाचा कप दिला. मी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

आता यातली गंमत ऐका. शुक्रवारी शेठनं संघ अकोल्याला नेला. नेणारच होते म्हणे, सगळं आधीच ठरलं होतं. सामना हरो की जिंको, माझं कडं अडो की न अडो. गोलाचे खांबसुद्धा उपटून मोटारीच्या टपावर चढवले. मोटारस्टँडवर आपला सुतार मोटारीच्या दारात आडवा बसला. ‘गडी तुमचे असतीन, खांब माहे हायेत! सागाचे हायेत!’ शेठचा मुनीम म्हणाला, ‘सागवान कोणाचं होतं?’ सुतार म्हणाला, ‘रंधा माहा होता ना!’ लोक हसले, मीही हसलो. मग गाडी हलली, सुताराला दोघांनी बाजूला ओढलं, आणि हसणं थांबलं. आसेगावचा गडी खिडकीत होता. ती काठी त्याच्या मांडीवर होती. आता ती कुणाला तपासायला मिळायची नाही. मैदानावर दोन खड्डे राहिले आहेत, आणि जिनाच्या गाड्यांनी तिथं कालपासून कापसाच्या गठाणी उतरवायला सुरुवात केली.

मंगरूळच्यांनी तक्रार दिली आहे. सामन्यांची समिती उद्या बसणार. अध्यक्ष म्हातारे वकील आहेत, तुम्ही ओळखता त्यांना, तुमच्याकडे ‘राम’ शब्द चालवताना रडायचे. त्यांनी निरोप पाठवला, ‘काठी समोर नाही, म्हणून पंचाचा शब्द प्रमाण. काठी नियमात होती, एवढं एका ओळीत लिहून आणा, विषय मिटवू.’ विषय मिटेल तो असा: इजा अपघाताची, मैदान सोडल्याबद्दल मंगरूळचा संघ वर्षभर बाहेर, आणि दर्ज्यानं हात मध्ये घातला अशी नोंद. त्याच्या अंगठ्याचा दोष त्याच्याच नावावर.

दुपारपासून चौरंगावर कागद आहे. त्यावर लिहिलंय, ‘काठी कड्यातून गेली.’ यातला एक शब्द खोटा नाही. सौभाग्यवती दोनदा डोकावून गेल्या. मघाशी म्हणाल्या, ‘एका ओळीला इतका वेळ? आणि ते कडं तेलकट झालंय, आणा, राखेनं घासून देते.’ मी एकदम ओरडलो, ‘हात लावू नका!’ वीस वर्षांत मी त्यांच्यावर असा ओरडलो नव्हतो. त्या आत गेल्या.

कड्याच्या आतल्या अंगाला ओरखडा आहे, गुरुजी. तारेचा. बारीक, पण एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. काठी अकोल्याला गेली, पण हे इथं आहे. उद्या समितीपुढं नुसतं कडं ठेवलं तरी मला तोंड उघडावं लागणार नाही, आणि राखेनं नीट घासलं तरीही लागणार नाही.

आठवडाभर मी स्वतःला सांगत होतो की मी गावासाठी गप्प बसलो, संघ राहावा म्हणून. आता संघ गेला. शेठ गेले, गर्दी गेली, खांबसुद्धा गेले. मला अडवणारं कुणी उरलं नाही, आणि तरी माझ्यानं दुसरी ओळ, तारेची, लिहवत नाही. हे पत्र कुठं टाकता येणार नाही ते बरं आहे. तुम्ही वाचलं असतं तर काही बोलला नसता, नेहमीसारखी रूपं म्हणून घेतली असती. मला भीती समितीची नाही, मंगरूळच्या लोकांचीही नाही. उद्यापासून मला कुणी कड्यावाले पंडितजी म्हणणार नाही, एवढीच आहे. आणि ती त्या अंगठ्यापेक्षा मोठी वाटते आहे.