शेवंतीवरचा बल्ब

मंगळवार, कोजागिरी होऊन चार दिस.

आज माझीच चूक निघाली. लिहायलाबी जड जायलंय.

गोठ्याच्या भिंतीला पाच शेवंत्या लावल्या. रोपं गयानं दिली, माझ्या धाकट्या जावेनं. तिच्या दारातल्या शेवंत्या कळ्यांनी भरल्या, माझ्या नुसत्या पाल्यानं माजल्या. मी गल्लीभर सांगत सुटले, की तिनं मुद्दाम वांझ रोपं दिली. पंधरा दिस ती बोलली न्हाई.

आज सांजच्याला आपण होऊन आली. रोपांकडं न्हाई, वर गोठ्याच्या बल्बाकडं बघत राह्यली.

"अक्का, ह्यांना अंधार कवा मिळतो? रातभर तोंडावर उजेड. लांब काळोखी रात मिळाल्याबिगर शेवंती कळी धरत न्हाई."

"झाडाला काय डोळे असत्यात व्हय गं?"

"मग कडब्यामागच्या दोघींना कळ्या कशा?"

वाकून बघितलं. कडब्याच्या आड, बल्बाचा उजेड पोचत न्हाई तिथं, दोन्ही रोपांना हरभऱ्याएवढ्या कळ्या! मी कधी तिकडं वाकलेच न्हाई. पानांनीच बघत असतील का? बिनडोळ्याची झाडं रात मोजायलीत, अन् मी?

तो बल्बबी सापाच्या भेवानं मीच लावून घेतला.

लगेच तेलाचा डबा कापून बल्बाला आडोसा केला. आता उजेड म्हशीवरच पडतो. उरलेल्या तिघीबी कळ्या धरतील, गया म्हणती. मलाबी वाटायलंय, धरतीलच.

माफी मागायला माझी जीभ वळत न्हाई. मार्गशीर्षातल्या पैल्या गुरवारी तिच्या पूजेला टोपलंभर फुलं नेऊन ठेवीन. टोपलं परत मागणार न्हाई.