सुयुंशीचा निरोप

४ मार्च
पिठाच्या गिरणीवाल्यांचा सकाळीच फोन. खात्यातले पैसे लुटले गेले! आमचं सॉफ्टवेअर त्यांनी हौसेनं घेतलेलं — कारभाराचा नकाशा भरला की चोर कुठून शिरेल ते आपोआप दाखवतं. सगळी दारं दाखवली होती. चोर शिरला हिशेबनीस बाईंच्या फोनमधून. "सुयुंशी! पुतण्याला मुलगा झाला, फोटो बघा." सुयुंशी म्हणत गोड बातमी आणणाऱ्याला मागेल ते बक्षीस द्यायचं, ही आपली रीत. बाईंनी लगेच उघडला. मलाच विचारतात, "अशा माणसावर संशय घेऊ? मी काय दगड आहे का?"

दमले.

५ मार्च
दाउरेन आमचा साहेब, पण माझ्या मुलाच्या वयाचा; मला मानानं आपाय, म्हणजे मावशी, म्हणतो. "आपाय, यंत्राला आपली माणसं कळत नाहीत. तुम्हीच शिकवा."

शिकवलं. सुयुंशीनं सुरू होणारा निरोप म्हणजे धोका — गुपचूप बाजूला ठेवायचा. आधी आमच्याच सगळ्यांच्या फोनवर चालवून बघतोय.

८ मार्च
महिला दिन. दाउरेननं सगळ्याजणींना ट्यूलिप दिले. माझ्या मुलाचा, अल्दियारचा, निरोप नाही. गेल्या वर्षीही नव्हता. लग्न परस्पर उरकून वर म्हणाला होता, "तुझ्याशिवायही होतं, आई." मी म्हटलं, मग राहा माझ्याशिवाय. राहतोय! तिकडे अक्ताउला, समुद्राकाठी. फोनचा आवाज मात्र मी कधी बंद करत नाही.

११ मार्च
काम, चहा, खोकला. बाहेर धुरकट.

१६ मार्च
अल्दियारचा निरोप!! उघडला तर एवढंच — "बरं, आई. समजलो."

काय समजलास? ना कशी आहेस, ना काही. दीड वर्षानं हे! डोकंच फिरलं. लिहून टाकलं, "समजलास ते बरं झालं." पाठवलंही.

१८ मार्च
गिरणीवाल्यांनी पुन्हा करार केला. दाउरेन खुशीत. "आपाय, तुमची युक्ती लागू पडली! अडकलेले निरोप तेवढे एकदा चाळून घ्या." उद्या बघू. आज अंगात त्राण नाही.

१९ मार्च
चाळले. सगळे चोरांचे. एक सोडून. तारीख बारा मार्च.

"सुयुंशी, आई! नात झाली तुला. नाक थेट तुझं, म्हणजे भांडखोर निघणार. बक्षीस मागू? तू ये. नाव तूच ठेवायचं, तोवर आम्ही थांबतो."

चार दिवस वाट बघितली त्यानं माझी. आणि मग मी काय लिहिलं!

सकाळपासून अल्दियार फोन उचलत नाहीये. विमानतळावर बसलेय. त्याच्या दारात उभी राहीन. उघडेल ना?