वाडगा परत करण्यास मुदत मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
ग्रामीण रुग्णालय, वडसांगवी.

अर्जदार : राधा लहू रामटेके, अधिपरिचारिका (परदेश प्रशिक्षण रजेवर), मुक्काम कॉटनवुड क्रीक दवाखाना, साउथ डकोटा, अमेरिका.

विषय : असाधारण रजा दि. १४ मार्च १९८७ पर्यंत वाढवून मिळणेबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : १) आपले पत्र जा.क्र. आस्था/४१२, दि. ३ नोव्हेंबर १९८६ (“शेजारीण हे नाते ग्राह्य नाही.”)
२) आपले पत्र जा.क्र. आस्था/४५८, दि. ११ डिसेंबर १९८६ (“वाडगा टपालाने परत करून १ फेब्रुवारीस रुजू व्हावे, अन्यथा सेवा समाप्त समजण्यात येईल.”)

महोदय,

अर्जदाराचा मागील अर्ज आस्थापना लिपिक श्री. उल्हास यांनी “भावनाप्रधान” असा शेरा मारून परत केला. सबब या अर्जात ‘मी’ कोठेही येऊ दिलेला नाही. जे घडले ते अर्जदारास घडले, असे समजून वाचावे.

१. अर्जदार जून १९८४ पासून येथील मूळ रहिवाशांच्या वस्तीतील दवाखान्यात काम करीत आहे. वस्तीत साखरेचा आजार घरटी एक आहे, दारू आहे, आणि घरातल्या घरात कोणी कोणाशी न बोलण्याचे दुखणे आहे, ज्याला रजिस्टरात रकाना नाही. अर्जदाराची खोली दवाखान्याच्या मागे आहे. मराठी बोलणारे सर्वांत जवळचे माणूस टेक्सासात, ह्यूस्टनजवळ शुगर लँड येथे आहे. त्या नागपूरच्या नीलाताई दर रविवारी फोन करतात. उरलेले सहा दिवस अर्जदार कोणाशीही मराठीत बोलत नाही, आणि पहिले काही महिने दुसऱ्या कोणत्या भाषेतही बोलण्याची वेळ फारशी आली नाही.

२. पहिला बर्फ पडला त्या दिवशी ॲग्नेस ग्रे ब्लँकेट या वृद्ध बाई निळ्या इनॅमलच्या वाडग्यात मांसाचा रस्सा घेऊन आल्या. वस्तीतील बायका त्यांच्या शब्दाबाहेर नसत. अर्जदाराने रस्सा खाल्ला, वाडगा तीनदा घासला आणि त्याच संध्याकाळी खिचडी भरून परत नेऊन दिला. बाईंनी तो घेतला आणि दार लावले. पुढे चाळीस दिवस दवाखान्यात चिटपाखरू फिरकले नाही. अखेर त्यांचे पुतणे लिओ, जे दवाखान्याची गाडी चालवतात, यांनी खुलासा केला की, त्यांच्यात दिलेले लगेच फेडले तर त्याचा अर्थ होतो, तुझे माझे आता काही राहिले नाही.

३. ही चूक अर्जदाराची असली तरी ती वडसांगवीत शिकलेली आहे, हे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. अर्जदाराच्या मातोश्री रत्नाबाई सांगत, दुसऱ्याचे भांडे आपल्या घरी रात्र काढता कामा नये. राहिले तर चोरले म्हणतील, परत दिले तर पाणी शिंपडून घेतील, म्हणून घासून, भरून, दिवसाउजेडी नेऊन द्यावे. गावात त्यांच्या हातच्या भांड्यावर पाणी शिंपडलेले अर्जदाराने पाहिले आहे. तेव्हा अर्जदाराचे वय सहा होते.

४. हे सर्व अर्जदाराने ॲग्नेसबाईंच्या पायरीवर बसून मोडक्या इंग्रजीत सांगितले. बाई म्हणाल्या की, त्याही सहा वर्षांच्या असताना त्यांना सरकारी माणसांनी घरून उचलून शाळेत नेले, केस कापले आणि आपली भाषा बोलल्याबद्दल तोंडात साबण कोंबला. मग आत जाऊन त्यांनी तोच वाडगा आणला, रिकामा, आणि ‘ठेव’ म्हणाल्या. अर्जदाराच्या हयातीत कोणी भांडे ठेवून घे म्हटल्याचा हा पहिलाच प्रसंग.

५. त्यानंतर काम सुरू झाले. बाई गोधड्या शिवायला बायका जमवीत. अर्जदारास वाकळ शिवता येत असल्याने तिलाही बसवून घेतले. दवाखान्यात सुई पाहून पळणाऱ्या बायका तेथे रक्त तपासायला हसत बोट पुढे करू लागल्या. बाई शिवता शिवता जुनी गाणी म्हणत, मुली ती उचलीत, आणि मध्येच एखादी रडू लागली तर कोणी तिला गप्प करीत नसे. औषध अर्जदार देत असे, पण माणसे बरी बाईंच्या गाण्यांनी होत. हे प्रशिक्षण अहवालात लिहिले असता तो त्रोटक म्हणून परत आला, हे आपणास स्मरत असेलच.

६. दि. ९ जानेवारी १९८५ रोजी मातोश्री रत्नाबाई वारल्या. तार नवव्या दिवशी पोहोचली. रजेच्या अर्जावर “अंत्यविधी उरकला असल्याने प्रयोजन उरत नाही” असे उत्तर आले. त्या वेळी ॲग्नेसबाई चार दिवस अर्जदाराच्या खोलीत बसून होत्या. अर्जदाराने त्रिशरण म्हटले तेव्हा त्यांनी डोके लववले, एवढेच. वर्ष पूर्ण होताच, स्वतः आजारी असताना, त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे रत्नाबाईंच्या नावाने जेवण घातले. चाळीस माणसे जेवली. त्याआधी एक ताट वाढून बाहेर झाडाखाली ठेवले, ते रत्नाबाईंचे. वडसांगवीत त्यांना कोणी कधी पंक्तीला बसवले नव्हते. येथे पहिले ताट त्यांचे होते.

७. दि. १४ मार्च १९८६ रोजी ॲग्नेसबाई गेल्या. येथील रीतीप्रमाणे घरच्यांनी वर्षभर दुखवटा पाळावा, गेलेल्या माणसाची वस्तू ज्याच्याकडे असेल त्याने ती सांभाळावी आणि वर्षाच्या जेवणाला घेऊन यावी. वाडगा अर्जदाराकडे आहे. तो भरून न्यायचा आहे. टपालाने पाठवण्याबाबत आपल्या सूचनेचा मान राखून चौकशी केली. येथील टपाल कचेरी रिकामा वाडगा घेते, भरलेला घेत नाही. शिवाय पत्ता कोणाचा घालावा, असे तेथे विचारले तेव्हा अर्जदार वाडगा घेऊन परत आली.

८. नात्याच्या रकान्यात अर्जदाराने प्रथम ‘शेजारीण’ लिहिले, ते अमान्य झाले. मग ‘मावशी’ लिहिले, त्यावर आजोळचे रेशन कार्ड मागवण्यात आले. नीलाताईंचे म्हणणे असे की, “अगं राधा, तो सगळा ड्रामा कॅन्सल कर आणि सरळ ह्यूस्टनला ये. नर्सेसना इकडे लगेच जॉब मिळतो. तिथे तुझं आहे कोण?” प्रश्न रास्त आहे. येथे आता कोणी नाही. वडसांगवीतही कोणी नाही, घराला कुलूप आहे आणि किल्ली या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. अर्जदारास फार एकटे वाटते, हे लिहिण्यास हरकत नसावी. तरीही या वेळी रकान्यात ‘आई’ असे लिहिले आहे. पुरावा नाही.

९. चौदा वर्षांची नोकरी अर्जदारास नकोशी झालेली नाही. रत्नाबाईंनी लोकांची शेणकामे करून तिला परिचारिका केले, तो पांढरा गणवेश त्यांनी शेजारपाजारी हातात धरून दाखवला होता. ती नोकरी जाऊ नये, अशी मनापासून विनंती आहे. परंतु १४ मार्चपूर्वी अर्जदार येथून निघणार नाही. एका आईच्या वेळी पोहोचता आले नाही. दुसऱ्या आईच्या वेळी अर्जदार येथेच आहे.

निर्णय कोणताही झाला तरी तो पत्राने कळवावा. मराठीत लिहिलेले पत्र आले की बरे वाटते.

आपली, अजून तरी आस्थापनेवर असलेली,

राधा लहू रामटेके
दि. ६ जानेवारी १९८७

सोबत :
१) ॲग्नेस ग्रे ब्लँकेट यांचा मृत्यूचा दाखला.
२) श्री. लिओ यांचे पत्र. (इंग्रजीत, चार ओळी. अर्जदाराचा उल्लेख ‘बहीण’ असा आहे.)
३) राजीनामा, सहीसह. रजा नामंजूर झाल्यास तारीख आपण घालावी.
४) वाडगा. जोडलेला नाही. रिकामे भांडे पाठवू नये, ही रत्नाबाईंची शिकवण आहे.