बोअरच्या पाण्याचे डाग

आबा, तुमच्या बोअरचं पाणी अजून तसंच आहे, आणि त्याच्या क्षारावर माझं घर उत्तम चाललं आहे, हे तुम्हाला ऐकवायला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे आता तुम्ही उलट बोलणार नाही, ही मोठी सोय झाली. मिरजगावच्या अलीकडे, हायवेला लागून असलेलं तुमचं वॉशिंग सेंटर धाकटाच चालवतो. भर उन्हात गाड्या धुतो, पाणी काचेवर वाळू देतो, आणि मग काचांवर पांढरे ठिपके घेऊन त्याच गाड्या पुढे माझ्या शेडमध्ये येतात. माझ्या पाटीवर ‘काच पॉलिश’ एवढंच लिहिलं आहे. गिऱ्हाईक विचारतं, हे डाग कशानं पडले हो? मी म्हणते, आपल्याकडचं पाणीच तसं. सावलीत धू आणि लगेच कोरड्या फडक्यानं पूस, एवढं भावाला सांगितलं तर निम्मे डाग पडणारच नाहीत. पण मी सांगत नाही. मेले तरी सांगणार नाही.

काम तुम्हीच शिकवलंत, ते नाकारत नाही. तुम्ही पॉलिशची पावडर पाण्यात पातळ पिठल्यासारखी कालवायचात, मशीनच्या जाड लोकरी चकतीला लावायचात आणि काचेवर फिरवायला माझ्या हातात द्यायचात. “हात थांबवायचा न्हाई. एका जागी रेटलं की काच तापती, मंग तिथं लाट येती, आन् पुढचा रस्ता वाकडा दिसतो.” काच सुकायला लागली की पाण्याचा फवारा मारायचा आणि पुन्हा फिरवायचं. धाकट्याला त्याचा कंटाळा. तो बाजेवर मोबाईल घेऊन लोळत पडलेला असायचा. मला मात्र ते काम आवडायचं. ठिपके विरत विरत पलीकडचं लिंबाचं झाड स्वच्छ दिसायला लागलं की जिवाला बरं वाटायचं.

तो खंडेनवमीचा आदला दिवस. पूजेसाठी गाड्या धुवून न्यायला रांग लागलेली. कर्जतचे एक डॉक्टर आले. रात्री समोरून दिवे आले की काचेतून काही म्हणता काही दिसत नाही, म्हणाले. दुपारभर मी त्या काचेवर होते. संध्याकाळी ते परत आले, काचेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, कुणी केलं हे? मी तुमच्या शेजारी उभी आहे, कोपरापर्यंत पांढरी झालेली. आणि तुम्ही बाजेकडे हात करता. “ह्यानं. पोरगं तयार झालंय माझं.” डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला. त्या हाताला पावडरीचा कण नव्हता, तुम्ही तेही पाहिलंत.

मी त्याबद्दल बोललेच नाही. मी वेगळंच बोलले. “आबा, पान्याचं कायतरी करा. आपल्याच पान्यानं डाग पडत्यात.” पाणाड्यानं नारळ फिरवून बोअरसाठी दाखवलेली ती जागा, दुष्काळात तुम्ही सगळ्या वस्तीला पाजलेलं ते पाणी. त्यात खोट आहे हे तुम्हाला कधी दिसलंच नाही, दिसणारही नव्हतं. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तुम्ही म्हणालात, “ज्या पान्यावर वाढलीस त्यालाच नावं ठेवतीस? उद्यापास्नं हितं पाय ठिवू नगंस.” दुसऱ्या दिवशी धाकट्यानं मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मी घरात पुरण वाटत होते आणि पाट्यावर पुरण नाही, तुम्ही आहात असं समजून वाटत होते.

आज दुपारी धाकटा तुमची जीप घेऊन आला. पुढची काच ठिपक्यांनी गच्च. काल अंधारात उसाची ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत त्याला दिसली नव्हती. शेडमध्ये माझी गिऱ्हाइकं चहा पीत बसलेली. मी मशीन घेतलं, उजवी बाजू लख्ख केली, म्हणजे गाडी चालवणाऱ्यापुरती. कसाही असला तरी भाऊ आहे, मरायला नको. आणि मशीन बंद केलं.

“आक्का, निम्मीच?”

“ऱ्हायलेली तू कर की. तू तयार झालेला हायेस न्हवं?”

गिऱ्हाइकं हसली. तो मशीनकडे बघत राहिला, पण हात लावला नाही. मग खाली मान घालून म्हणाला, “मला न्हाई येत. कवाच येत नव्हतं.”

“मोठ्यानं बोल.”

“डॉक्टरची काच हिनं केल्ती,” तो सगळ्यांकडे बघून म्हणाला. “समद्या काचा हीच करायची. आबांनी मला पुढं केलं आन् मी गप ऱ्हायलो.” पुरी झाली की सांग म्हणाला, आणि जीप ठेवून पायी गेला.

हे वाक्य मी इतकी वर्षं मनात घोळवलं होतं. वाटलं होतं, ते ऐकून पोट भरेल. हातातला चहा संपायच्या आत भूक परत लागली. तो बोलला ते ठीक आहे, पण ते तुमच्या तोंडून यायला हवं होतं, आणि तुम्ही काही न बोलता निघून गेलात. ते मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

गिऱ्हाइकं गेली. हे लिहिते आहे तर जीप समोरच उभी आहे. हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून एक सांगून टाकते. राहिली आहे ती डावी बाजू, तुम्ही बसायचात ती. पुरी करायला मघाशी दोनदा उठले. पण त्या ठिपक्यांमागे कुणी बसलं आहे की नाही ते कळत नाही. पॉलिश केली तर सीट रिकामी आहे हे स्वच्छ दिसेल, आणि माझं भांडण अजून संपलेलं नाही.