आक्कानं दाबलेली तंबाखू

मंगळवार, दिवेलागणीनंतर. निपाणी.

डाव्या हातानं लिहितोय, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ऑपरेशन केलेला उजवा हात ठणकतोय, पण तळमळ त्याची न्हाय.

मांजर चावलं तेव्हा आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, इकडच्या रीतीनं जखमेत तंबाखू दाबली. हात भोपळ्यागत सुजला, पू झाला. डॉक्टर ओरडला, "साबणानं धुऊन लगेच यायचं सोडून तंबाखू कुणी भरली?" मी म्हटलं, "मीच." दारात उभ्या आक्कानं ते ऐकलं. तेव्हापासून शेजारच्या गल्लीत असून फिरकली न्हाय. रागावली का? की स्वतःलाच खात बसली असेल? माया करायला गेली आणि...

सून म्हणाली, "आप्पा, येतील त्या. गप पडा." कसा पडू?

शेवटी आज गेलोच. आक्का चुलीपाशी, पाठमोरी. म्हटलं, "आक्का, डाव्या हातानं जेवाय जमत न्हाय गं." तिनं दुधात भाकरी कुस्करली, घास माझ्या तोंडापुढं धरला.

"मांजराशी खेळायचं वय हाय का रं तुझं?"

घास गोड लागला. पण घास भरवताना तिची नजर माझ्या हाताच्या पट्टीवरनं हलत नव्हती, ते डोळ्यांपुढनं जात न्हाय.