देवळाचा डावा कोपरा

तुलुम, गुरुवार संध्याकाळ

प्रिय गास्पार दादा,

फोनवर तू तीन शब्दांच्या वर जात नाहीस. 'हं', 'बरं' आणि 'ठेवतो'. म्हणून हे पत्र. उद्या सकाळी मेरिदाच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. नेयदा वहिनीला सांगितलंय, तो वाचत असेपर्यंत समोरून हलू नकोस. मध्येच घडी घालून खिशात टाकायचं नाही. दोन कागद मी आधीच फाडलेत. हा फाडणार नाही, कारण घरात चौथा नाहीये.

आधी कामाचं सांगते. रविवारी दहाला होडीवाल्यांच्या संस्थेची सभा आहे आणि विषय एकच आहे, तुझं नाव कमी करणं. वर्ष झालं, तू आला नाहीस, बाजू मांडली नाहीस, आणि नियम तो नियम म्हणतात. तुझ्या जागेवर डोळा ठेवून बसलेले कमी नाहीत. एकदा नाव गेलं की आपल्या घराची होडी या किनाऱ्यावरून पुन्हा पाण्यात उतरणार नाही. हे सगळं राखीव उद्यान झाल्यापासून नवे परवाने बंद आहेत, हे तुला मी काय सांगायचं! तू येणार नाहीस असं वहिनी म्हणते. तुला यावं लागेल. का, ते सांगते, पण मला जरा दम खाऊ दे.

आपले ताता बरे आहेत. दिवसभर झोपाळे विणतात. परवा शेजारीण म्हणाली, डोळ्यांशिवाय इतकं सुबक कसं विणता हो? तर म्हणाले, डोळे होते तेव्हा तुझ्यासारख्यांकडे बघण्यात वेळ जायचा. ती खूश होऊन दोन झोपाळे सांगून गेली. माझंही तेच चाललंय. सकाळी फाटकावर ओळखपत्र दाखवायचं, ज्या किनाऱ्यावर जन्म गेला तिथं शिरायला, आणि दुपारपर्यंत दाताळ्यानं ते तपकिरी शेवाळ ओढायचं. वर देवळांपाशी पाहुण्यांची रांग लागलेली असते. खाली वाळूत उतरले की घोरपडीचा फोटो काढतात, मग माझा. घोरपड निदान पळून जाते. घरी आले की ताता रोज विचारतात, लाट कशी होती, वारा कुठला, कासवांच्या अंड्यांभोवतीच्या काठ्या कुठपर्यंत लावल्यात, नारळ उभा आहे ना? मी म्हणते, उभा आहे. वर्षभर म्हणतेय.

आता त्या दिवसाचं. आपण दोघं कधी त्यावर बोललोच नाही. सात पाहुण्यांना तू समुद्रातून देवळं दाखवून परत आणत होतास, आणि पूर्वेकडून ते काळं वादळ भरून आलं. बाकीचे दक्षिणेच्या मोठ्या वाटेनं वळसा घालून आले. तू खडकांच्या रांगेतली आपली छोटी खिंड धरलीस, आजोबांपासून आपलीच म्हणतात ती. एरवी नितळ पाण्यात ती खिंड पोरालाही दिसते, निळा पट्टाच असतो. त्या दिवशी शेवाळानं पाण्याचा चहा झाला होता. होडी सरळ खडकावर गेली आणि चिरली. त्या परदेशी बाईंचं मांडीचं हाड मोडलं, बाकी सगळे कातडं सोलून का होईना, वाचले. संस्थेनं विचारलं, तेव्हा लोक म्हणाले, प्यायला होता. तू प्यायला नव्हतास. सकाळी माझ्याच हातचं लिंबूपाणी पिऊन गेला होतास. पण तू भांडला नाहीस. एवढंच म्हणालास, "मला दिसलं नाही."

आणि मग सगळ्यांना कळलंच. ताता एक्कावन्नाव्या वर्षी असेच थांबले होते. तुला एकोणपन्नास. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण घरोघरी तीच कुजबुज, बापाचं दुखणं पोरात आलं. तू डॉक्टरकडे गेला नाहीस. जे आहे ते आहे, कानांनी कशाला ऐकू, म्हणालास. मेरिदाला जाऊन हॉटेलात भांडी विसळायला लागलास. भांडी हातानं घासता येतात म्हणून ना? मला तेव्हाच कळलं होतं, दादा.

मंगळवारी ताता चिडले. सभेचं मी सांगितलं म्हणून. हातातली सुई आपटली आणि म्हणाले, "इतकं सोपं होतं गं! नारळाचं खोड आणि मागं थोरल्या देवळाचा डावा कोपरा, एकावर एक आणायचं आणि डोळे मिटून घुसायचं. तेवढंही त्याला दिसलं नाही, म्हणजे माझंच पाप त्याच्या डोळ्यांत उतरलं." आणि रडले. आई गेली तेव्हाही रडले नव्हते. मी तव्यावरची भाकरी जळू दिली.

कारण मला ही खूण माहीत नव्हती. कशी असणार? घराच्या खुणा बाप मुलाला सांगतो, तेही पाण्यात गेल्यावर, जमिनीवर नाही. शेजारच्या होडीला सांगायच्या नाहीत. आणि मुलीला तर नाहीच, मुलगी उद्या दुसऱ्याच्या घरी जाऊन नवऱ्याला सांगेल. मी कुठल्याच घरी गेले नाही, तरी मला कोणी सांगितलं नाही. लहानपणी तुमच्या होडीत बसून मी पाणी उपसायचे, तेव्हा खिंड जवळ आली की ताता म्हणायचे, लांदी, खाली बघ.

नीट वाच आता. तू वहिनीच्या ऑपरेशनसाठी मेरिदाला होतास, तेव्हा चक्रीवादळात तो नारळ पडला. तू परत यायच्या आत आम्ही उद्यानाच्या कामगारांनी दुसरा लावला. रोपवाटिकेतून आणलेला, तेवढाच उंच, तेवढाच वाकडा. लावला मी. मुकादमानं बजावलं होतं, जुन्याच खड्ड्यात, एक हात इकडेतिकडे नको. जुन्या खड्ड्यात मुळांखाली दगड निघाला. पहार लावली, दोन तास लावली, हाताला फोड आले, ऊन डोक्यावर आलं. मग मी बारा पावलं दक्षिणेला सरकले. तिथं भुसभुशीत होतं. अर्ध्या तासात नारळ उभा केला आणि कागदावर लिहिलं, 'जुन्याच जागी.' जुना खड्डा बुजवून वर शेवाळ पसरलं. कोणाला काय फरक पडतोय, म्हटलं. नारळ तो नारळ.

मंगळवारची रात्र मी कशी काढली ते विचारू नकोस. काल उठून फिदेन्सिओ काकांकडे गेले. संस्थेत त्यांच्या शब्दाला वजन आहे, आणि ताता नि ते एका ताटात जेवलेले. सगळं ओकले, आणि तुमच्या होडीतून मला त्या खिंडीत न्या म्हटलं. ते जाळं सांधत होते. वरही न बघता म्हणाले, "एका होडीचं वाटोळं केलंस, आता माझी मोडायला आलीस होय?" मग म्हणाले, "बारा पावलं वाळूत. तिकडं खडकापाशी त्याचं किती होतं ठाऊक आहे? अख्खी गल्ली होते, पोरी." मी म्हटलं, मला दाखवा. त्यांनी खूप शिव्या दिल्या. तुला त्यांच्या शिव्या माहीत आहेत, लिहिण्यासारख्या नाहीत. पण आज दुपारी होडी काढली.

पाण्याला अजून तोच चहाचा रंग आहे, वाराही चांगलाच होता. काकांनी मक्याच्या पेयाचा पहिला घोट समुद्राला दिला आणि मला पुढं बसवलं. "आज खाली बघायचं नाही," म्हणाले, "आज तूच बघायचं. मी फक्त सुकाणू धरतो. तू सांगशील तिकडं." मागं वळून किनाऱ्याकडं बघितलं. नारळाचं खोड स्पष्ट दिसत होतं. दक्षिणेच्या वाटेनं बाहेर जाऊन आम्ही वळलो, आणि मी खोड सरकत सरकत थोरल्या देवळाच्या डाव्या कोपऱ्यावर येऊ दिलं. बरोब्बर एकावर एक आलं. म्हटलं, आता सरळ. काकांनी इंजिन अगदी हळू केलं. समोर नुसतं तपकिरी पाणी. लाट मागून ढकलत होती आणि खाली काय आहे ते दिसत नव्हतं. काका विचारत होते, "सरळ?" मी म्हणत होते, "सरळ." पुन्हा "सरळ?" मग लाट खाली बसली आणि होडीच्या नाकापासून दोन हातांवर खडक वर आला, काळा, धारदार, आणि त्याच्या फटीत निळ्या रंगाची फळी अडकलेली. तुझी. होडीचा तोच निळा, आपण दोघांनी मिळून लावलेला. मी किंचाळले. काकांनी इंजिन उलटं फिरवलं, होडी आडवी झाली, पाणी आत आलं, आणि मी जन्मात घेतली नसतील तेवढी देवांची नावं घेतली, चर्चमधल्यांची आणि जंगलातल्यांचीही.

बाहेर आल्यावर काकांनी आधी होडीतलं पाणी उपसलं. मग म्हणाले, "आता जुनी जागा धर." मी सकाळीच तिथं वाळूत दाताळं उभं रोवून त्याला माझं लाल फडकं बांधून आले होते. फडकं आणि देवळाचा डावा कोपरा एकावर एक आणले. या वेळी मला पाण्याकडं बघवेना, मी फडक्यावरची नजर हलवली नाही. दोन्ही बाजूंना खडक फेसाळत होते आणि आम्ही मधून गेलो. खाली घासलंसुद्धा नाही. आत शांत पाण्यात आल्यावर काका म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या भावाइतकं नेमकं सुकाणू या किनाऱ्यावर कोणाचंच नव्हतं. आणि आम्ही त्याला दारुडा म्हणालो." मग तोंड पुसायचं निमित्त करून डोळे पुसले.

रविवारी मी सभेत उभी राहणार आहे. बायका तिथं बोलत नाहीत, तर ऐकतील एकदा. आपली खूण सगळ्यांसमोर सांगावी लागेल, त्याशिवाय पटणार नाही. ताता म्हणाले, सांग, खूण गेली तर गेली. त्यांना मी सगळं सांगितलंय. तेवढं म्हणाले, त्यानंतर ते माझ्याशी बोलत नाहीयेत. माझी नोकरीही जाईल, खोटं लिहिलं होतं म्हणून, आणि ती जायलाच हवी. तू मला माफ कर असं म्हणायची मला हिंमत नाही. हवं तर कर, नाहीतर जन्मभर तोंड बघू नकोस.

पण खरं सांगू? एवढं सगळं होऊनही आज चार वाजेपर्यंत मी तुला लिहिणार नव्हते. काका माझं नाव न घेता सभेत निभावून नेतो म्हणाले होते, आणि मी भित्री, मी हो म्हटलं होतं. मग वहिनीचा फोन आला. रडत होती. म्हणाली, कामावरून आला की डोळ्यांवर पंचा बांधतो आणि अंगणात चालतो. दारापासून विहिरीपर्यंत पावलं मोजतो. आत्तापासून सवय करून ठेवतो म्हणतो, म्हणजे पुढं कोणाला जड होणार नाही. वर्षभर रोज हे चाललंय आणि तिनं कोणाला सांगितलं नाही. दादा, त्या दिवशी तुला नारळ दिसला होता. एक मैलावरून, वादळात, पावसाच्या पडद्यातून तुला त्याचं खोड दिसलं, देवळाचा कोपरा दिसला, आणि तू केसाइतकाही न चुकता एकावर एक आणलेस. म्हणूनच होडी फुटली. आंधळ्या माणसाच्या हातून ती तिथं गेलीच नसती. तुझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. तो पंचा सोड.

तुझीच,
लांदी